तंबाखूचं डिझेल का करत नाहीत?

"डॉक्टर, तंबाखू एवढी वाईट आहे, तर तिचं डिझेल का करत नाहीत?"

अंबडच्या दवाखान्यात मला हा प्रश्न विचारला तो एमआयडीसीतल्या एका कामगाराने. वय चाळिशीच्या आतबाहेर, मूळ गाव निपाणीच्या बाजूला. वडील तंबाखू पिकवायचे. हा विसाव्या वर्षापासून तंबाखू-चुना मळतो आणि रोज एकाच जागी, डाव्या गालात धरतो. नेमका त्याच जागी एक पांढरा चट्टा उठला होता, बोटाने पुसला जात नव्हता. मी चट्ट्याबद्दल बोलत होतो, तो मोबाईलवर आलेल्या व्हिडिओबद्दल बोलत होता. तंबाखूच्या तेलावर म्हणे विमान उडवलं.

विषय बदलण्याची ही युक्ती मला ओळखीची आहे. पण प्रश्न चांगला होता. सिन्नर इथून तासाभराच्या आत आहे, तिथे आयाबायांच्या पिढ्या विड्या वळण्यात गेल्या. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक घरांचा रोजगार कधी ना कधी या पानाशी जोडलेला होता. त्यांना नुसतं "तंबाखू वाईट" सांगून भागत नाही. त्या दिवशी बाहेर पेशंट बसले होते म्हणून उत्तर अर्धवट राहिलं. राहिलेलं इथे सांगतो.

आधी औषध, मग व्यसन

तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. युरोपात ती आली तेव्हा तिचा बोलबाला झाला तो औषध म्हणून. १५६० च्या सुमारास पोर्तुगालमधला फ्रान्सचा राजदूत झां निको याने ती फ्रान्सच्या राजमातेकडे पाठवली. निकोटीन हे नाव त्याच्यावरूनच पडलं. १५७१ मध्ये स्पेनमधल्या निकोलास मोनार्देस नावाच्या वैद्याने ती कशाकशावर चालते त्याची लांबलचक यादी छापली. पुढे दोनशे वर्षांनीही हे वेड गेलं नव्हतं. लंडनमध्ये १७७४ साली बुडालेल्या माणसांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली, आणि तिच्या सुरुवातीच्या उपचारांपैकी एक होता भात्याने तंबाखूचा धूर गुदद्वारातून आत भरणं. आमच्या धंद्याचा इतिहास वाचताना अधूनमधून असं मान खाली घालायला लावणारं पान येतं.

आपल्याकडे तंबाखू पोर्तुगीजांमार्फत आली. १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता. तिथे त्याला हे नवं पान दिसलं. त्याने तंबाखू आणि रत्नजडित नळी बादशहाला नजर केली. अकबराने झुरका घ्यायला हात पुढे केला, तेव्हा दरबारी हकिमाने हरकत घेतली. या वस्तूबद्दल आमच्या ग्रंथांत काहीच नाही, बादशहाने ती घेऊ नये, असं त्याचं म्हणणं. असद बेगने वाद घातला की दरेक चीज कधीतरी नवीनच असते. बादशहाने सवय लावून घेतली नाही, पण सरदारांनी ती उचलली. १६१७ मध्ये जहांगीरने बंदी घातली, तिचा उपयोग झाला नाही. डॉक्टरने सांगितलं, एकाने ऐकलं, बाकीच्यांनी नाही, असं माझ्या दवाखान्यातही रोज घडतं.

पानातून वेगळं काढलेलं विष

१८२८ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला पॉसेल्ट आणि राइमान यांनी पानातलं निकोटीन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. तिथून तंबाखूच्या दुसऱ्या उपयोगांचा खरा इतिहास सुरू होतो. कारण आता पान तोंडात न घेताही त्यातलं रसायन कामाला लावता येत होतं.

एक गंमत सांगतो. निकोटीनवर तीव्र आम्लाची प्रक्रिया करून रसायनशास्त्रज्ञांनी १८६७ मध्ये त्यापासून एक नवा पदार्थ बनवला, निकोटिनिक आम्ल. सत्तर वर्षं तो बाटलीत पडून होता म्हटलं तरी चालेल. १९३७ मध्ये अमेरिकेत कॉनराड एल्वेहेम यांनी दाखवलं की कुत्र्यांचा काळ्या जिभेचा आजार याने बरा होतो. माणसांमधला तसाच आजार म्हणजे पेलाग्रा. उन्हाने भाजल्यासारखी कातडी, जुलाब, भ्रम. आपल्या दख्खनमध्ये ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांमध्ये तो दिसे. हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या दशकात त्याचा अभ्यास केला. हे आम्ल म्हणजेच ब३ जीवनसत्त्व. पुढे अमेरिकेत त्याचं नाव बदलून नायसिन ठेवलं, कारण तंबाखूत जीवनसत्त्व असतं असा लोकांचा समज होईल अशी भीती होती. तुमचाही तसा समज होऊ देऊ नका. निकोटीनचं ब३ करायला प्रयोगशाळा लागते, आपल्या शरीराला ते जमत नाही.

दुसरा उपयोग जास्त पसरला, तो कीटकनाशकाचा. तंबाखूचं पाणी माव्यावर मारण्याची रीत युरोपात अठराव्या शतकापासून आहे. पुढे निकोटीन सल्फेट हे चाळीस टक्क्यांचं द्रावण बाटलीत मिळू लागलं. यासाठी चांगलं पान लागत नाही. वखारीतली भुकटी, देठ, काड्या, जे फेकून द्यायचं तेच चालतं. भारतातही ते बनत असे आणि बाहेर जात असे. मग स्वस्त कृत्रिम औषधं आली आणि याची मागणी घटली. पण निकोटीनच्या कल्पनेचा प्रवास थांबला नाही. मज्जातंतूंच्या ज्या टोकावर निकोटीन बसतं तिथेच बसणारी नवी औषधं प्रयोगशाळेत तयार झाली. नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना ठाऊक असलेलं इमिडाक्लोप्रिड त्याच घराण्यातलं. त्या घराण्याच्या नावातच निकोटीन आहे, पण ते तंबाखूपासून काढत नाहीत.

इथे डॉक्टर म्हणून थांबून एक सांगायला हवं. घरच्या घरी तंबाखू उकळून झाडांवर मारायची कृती अजून सगळीकडे फिरते, आणि "नैसर्गिक" म्हटलं की हातमोजे कुणी घालत नाही. निकोटीन अखंड कातडीतूनही आत शिरतं. हात ओले, कपडे ओले, आणि अर्ध्या-एक तासात मळमळ, घाम, लाळ, डोकं गरगरणं. जास्त गेलं तर झटके आणि श्वास बंद. गुजरातेत ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना याच कारणाने त्रास होतो, हे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने दाखवून दिलं आहे. असं काही झालं तर कपडे काढा, साबण-पाण्याने भरपूर धुवा आणि थेट हॉस्पिटल गाठा. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. आणि तो काढा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर त्याला ती बाटली कशाची वाटेल हे सांगायला नको.

निपाणीने मागितला तो भाव

आता माझ्या पेशंटच्या गावाकडे येतो. निपाणी आज कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात. बोली मराठी, माती काळी. विडीची तंबाखू देशात दोन भागांत नाव काढून होती, गुजरातचं चरोतर आणि निपाणी. पान टेंभुर्णीचं, आतली तंबाखू इथली, वळणारे हात सिन्नरसारख्या गावांतले.

तंबाखू पिकवणारा श्रीमंत झाला असं तुम्हाला वाटत असेल तर १९८१ आठवा. आदल्याच वर्षी नाशिक जिल्ह्यात कांदा आणि उसाच्या भावासाठी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने रस्ते अडवले होते. मार्च १९८१ मध्ये निपाणीचे तंबाखू उत्पादक पुणे-बंगळूर हमरस्त्यावर येऊन बसले. माल व्यापाऱ्याच्या वखारीत, वजन त्याचं, प्रत त्याने ठरवायची, भावही त्याचाच. सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूला तंबाखू मंडळ होतं, विडीच्या तंबाखूला तो आधार नव्हता. हजारो शेतकरी तीन आठवड्यांहून जास्त तिथे राहिले. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात बारा शेतकरी मेले.

वखारीच्या आतली गोष्ट वेगळीच होती. तिथे बायका दिवसभर त्या धुरळ्यात पानं झोडपत, चाळत. त्याच सुमारास त्यांनीही संघटना बांधली. १९८२ मध्ये युगांतर या महिलांच्या चित्रपटगटाने त्यांच्यावर माहितीपट केला.

या सगळ्यात "आमच्या तंबाखूचं दुसरं काही करा" अशी मागणी कुठे मुख्य नव्हती. शेतकऱ्याला भाव हवा होता, बाईला मजुरी आणि मोकळी हवा. तंबाखूचं तेल, कीटकनाशक, जीवनसत्त्व हे सगळं तोवर माहीत होतं. राजमहेंद्रीला १९४७ पासून केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था होती, तिथे या गोष्टींवर कामही झालं. पण त्यातल्या कशासाठीही व्यापारी एकरभर तंबाखू विकत घ्यायला बांधावर येत नव्हता. विडीसाठी येत होता.

बी हवं की पान?

आता डिझेलचं. तुम्ही तंबाखूचं शेत पाहिलं असेल तर आठवेल, फुलं यायला लागली की शेंडे खुडतात. नंतर बगलेतून फुटणारे फुटवेही काढून टाकतात. का? झाडाला बी धरू द्यायचं नाही, सगळा जोर पानात उतरवायचा. निकोटीन तयार होतं मुळांत आणि वर पानांत जाऊन साठतं. शेंडा खुडला की मुळं ते आणखी बनवतात. पान जाड होतं, कडक होतं, विडीला तेच हवं असतं.

इंधनाला मात्र नेमकं उलटं लागतं. तेल असतं बियांत. तंबाखूचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार दाणे मावतात, पण त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त तेल असतं आणि निकोटीन जवळपास नसतंच. आपल्याकडे ते साबणात, रंगात वापरून झालं आहे. म्हणजे इंधन हवं तर शेंडा खुडायचा नाही, फुलू द्यायचं, बोंडं वाळू द्यायची. एकाच झाडावर कडक पान आणि भरघोस बी दोन्ही मिळत नाही. "विडीऐवजी डिझेल" हे तेच पीक दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकण्याइतकं सोपं नाही. वेगळं वाण लागतं, वेगळी शेती आणि वेगळा कारखाना लागतो.

व्हिडिओतली गोष्ट खरी आहे. इटलीत तयार झालेलं, भरपूर बी देणारं आणि निकोटीन नसलेलं 'सोलारिस' नावाचं तंबाखूचं वाण दक्षिण आफ्रिकेत लिम्पोपो भागात शेतकऱ्यांकडून लावून घेतलं. त्याच्या तेलापासून केलेलं इंधन नेहमीच्या इंधनात मिसळून जुलै २०१६ मध्ये जोहान्सबर्ग ते केपटाऊन प्रवासी विमानं उडाली. बोईंग आणि साऊथ आफ्रिकन एअरवेज त्यात होत्या. विमान उडालं, उतरलं, टाळ्या झाल्या. २०१९ च्या डिसेंबरात तीच विमान कंपनी कर्जापायी दिवाळखोरीपासून बचावाच्या प्रक्रियेत गेली. तंबाखूचा त्यात दोष नाही. पण इंधनाचं पीक कुणाच्या तरी पैशावर आणि धोरणावर तगून असतं, हे शेतकऱ्याला आधी कळायला हवं.

हे आम्हा नाशिककरांना निराळं सांगायला नको. बियांपासून डिझेल हे स्वप्न इथे आधीच पाहून झालं आहे. १९८६ च्या सुमारास नाशिकच्या वनशेती चळवळीने मोगली एरंडाची, म्हणजे जट्रोफाची, मोठ्या क्षेत्रावर लागवड केली. देशात कुणी बायोडिझेलचं नाव घेत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. बी अपेक्षेइतकं आलं नाही, खर्च निघेना, शेतकऱ्यांनी झाडं काढून टाकली. पुढे २००३ नंतर सरकारी पातळीवर त्याच झाडाचा पुन्हा गाजावाजा झाला आणि पुन्हा तेच झालं. कुंपणांवर उरलेल्या झाडांचा त्रास अजून आम्हाला होतो. शाळेतून येताना पोरं ती गोड लागणारी बी खातात आणि चार-पाच जण एकदमच ओकाऱ्या, जुलाब घेऊन दाखल होतात.

निपाणीकडच्या तंबाखूचं काय झालं? ती घटत गेली. तिच्यासाठी नवा उपयोग सापडला म्हणून नव्हे. वेदगंगा-दूधगंगेचं पाणी शेतात आलं आणि ऊस, सोयाबीनची खात्रीची गिऱ्हाइकी मिळाली. आता उसाच्या मळीचं आणि रसाचं इथेनॉल होतं, आणि तुमच्या दुचाकीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत तेच मिसळलेलं असतं. म्हणजे तंबाखूच्या शेतातून इंधन निघालं, फक्त तंबाखू काढून तिथे ऊस लावल्यावर. उसाला लागणारं पाणी हा वेगळा वाद आहे, त्यात आज शिरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारावर भारताने २००४ मध्ये शिक्कामोर्तब केलं. त्यातलं १७ वं कलम तंबाखू शेतकऱ्याला आणि कामगाराला दुसरी उपजीविका देण्याबद्दलच आहे. माझ्या मते ते कलम सिगारेटच्या पाकिटावरच्या चित्राइतकंच महत्त्वाचं आहे आणि त्याच्या निम्मीही चर्चा त्याची होत नाही. विडी वळणाऱ्या बाईला विडी सोड म्हणणं सोपं, तिच्या सुपातल्या पानांच्या जागी काय ठेवायचं ते कुणीतरी सांगावं लागतं.

लशीपर्यंत गेलेलं पान

आणखी एक उपयोग सांगायला हवा, कारण कोविडच्या काळात त्याच्याही बातम्या आल्या. तंबाखूची ऑस्ट्रेलियातली एक चुलत बहीण आहे, निकोटियाना बेन्थामियाना. तिच्या पानांत हवं ते प्रथिन पटकन बनवून घेता येतं. २०१४ च्या इबोला साथीत काही रुग्णांना दिलेलं झीमॅप हे औषध अमेरिकेत केंटकी राज्यात अशाच रोपांमध्ये तयार केलं होतं. नंतर काँगोतल्या मोठ्या चाचणीत दुसरी औषधं त्याहून सरस ठरली. फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅनडाने मेडिकागो कंपनीच्या कोविड लशीला मान्यता दिली. तीही याच रोपात वाढवलेली. पण कंपनीत सुमारे पाचवा हिस्सा एका बड्या सिगारेट कंपनीचा होता, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ती लस स्वीकारली नाही. वर्षभरात ती कंपनीच बंद झाली. चांगली लस केवळ भागीदारामुळे नाकारावी का, यावर डॉक्टरांमध्येही दोन तट होते. मला तो निर्णय कठोर वाटला, पण चुकीचा वाटला नाही.

चट्टा आणि गोळी

आता उरला तो एकच उपयोग, आणि माझ्या त्या पेशंटसाठी कामाचा तोच. १९६७ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांच्या लक्षात आलं की पाणबुडीतल्या नाविकांना आत सिगारेट ओढता येत नाही, तेव्हा ते तोंडात धरायच्या तंबाखूवर भागवतात. म्हणजे तलफ धुराची नसते, निकोटीनची असते. ही गोष्ट त्यांनी औषध कंपनीत काम करणाऱ्या ओवे फर्नो यांना कळवली. त्यांनी निकोटीन चघळायच्या गोळीत बांधलं. १९७८ मध्ये ती गोळी प्रथम स्वित्झर्लंडमध्ये विकायला आली. तिच्यातलं निकोटीन तंबाखूच्याच पानातून काढतात.

"म्हणजे तंबाखू सोडायला तंबाखूच?" त्याने विचारलं. तसं नाही. सवय लावतं निकोटीन, पण तोंडाचा कॅन्सर करतात ते मुख्यतः पान वाळवताना, मुरवताना तयार होणारे नायट्रोसमाइन नावाचे पदार्थ. मशेरीत भाजल्यामुळे आणखी भर पडते. गोळीत शुद्ध निकोटीन असतं, तेही ठराविक मापात, आणि हळूहळू कमी करत बंद करण्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये आणि भारताने २०२२ मध्ये ही उपचारपद्धत अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

गोळी बहुतेकांची फसते ती चुकीच्या वापराने. ती च्युइंगमसारखी सतत चावायची नाही. आठ-दहा वेळा सावकाश चावा, जिभेला झिणझिणलं की थांबा आणि गाल व हिरडीच्या मध्ये धरून ठेवा. चव गेली की पुन्हा थोडं चावा, जागा बदला. अर्धा तास असं चालतं. तोंडातली लाळ तंबाखूसारखी थुंकून टाकली तर औषधही गटारात जातं. गोळीच्या आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असताना चहा-कॉफी नको. दोन मिलिग्रॅमची की चारची, ते तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या, विशेषतः हृदयविकार असेल किंवा पोटात बाळ असेल तर. फोनवरून मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

गोळी चट्टा घालवत नाही. दोन आठवड्यांनी न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा व्रण, कमी उघडणारं तोंड, यांपैकी काहीही असेल तर तुकडा काढून तपासावा लागतो. त्याला मी चिठ्ठी दिली. तुकड्याच्या भीतीने तो दोनदा आलाच नाही, तिसऱ्यांदा बायको घेऊन आली. अहवालात कॅन्सर नव्हता, पण पेशी बदलायला लागल्या होत्या. आता तो दर तीन महिन्यांनी दाखवायला येतो. गेल्या खेपेला गोळीची चव वाईट आहे अशी तक्रार केली आणि सांगितलं की गावाकडे वडिलांच्या त्या शेतात यंदा सोयाबीन आहे.